गोळा पुढे ढकलायचा की मागे? आखडलेल्या खांद्याचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण वडोदऱ्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमधलं आहे. रुग्णाची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटू नये म्हणून वय, घर, कुटुंब यांतले काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना मी काकू म्हणणार आहे. क्लिनिकमध्येही तेच म्हणत होते. लिहिण्याचं कारण त्यातले तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मी दंडाच्या हाडाचा गोळा कुठे ढकलायचा याचा पुस्तकातला नियम बरोबर पाळला आणि खांदा मात्र जागचा हलला नाही.

पार्श्वभूमी

काकू ५६ वर्षांच्या. दांडिया बाजारात जुन्या वाड्यासारख्या घरात पहिल्या मजल्यावर राहतात. या भागात आणि रावपुऱ्यात गायकवाडी काळापासून मराठी घरं आहेत, आणि दिवाळीचा फराळ घरी करायला वेळ नसलेली मंडळीही आता तिथेच आहेत. काकू गेली पंधरा-सोळा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतात. चकली, कडबोळी, शेव, अनारसे. निम्मी गिऱ्हाइकं गुजराती. चकलीसाठी ती महिनाभर आधी नाव लिहून जातात. मदतीला सून आणि एक बाई.

गणपतीत आरतीचं तबक उचलताना डाव्या खांद्यात पहिल्यांदा कळ आली. काकूंनी बाम लावला आणि कामाला लागल्या. दिवाळीचा सगळा फराळ त्या दुखऱ्या खांद्यावरच निघाला. सोऱ्या फिरवायला उजवा हात, पण खालचं भांडं घट्ट दाबून धरायला डावा, आणि दिवसाला आठ-दहा किलो चकली. मार्गशीर्षापर्यंत डाव्या कुशीवर झोपणं बंद झालं. उत्तरायणाच्या आठवडाभर आधी सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली, तेव्हा त्यांचा अंबाडा सून घालत होती.

मधुमेह अकरा वर्षांचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.७.

काकूंच्या मनात एकच गोष्ट पक्की होती: "सोऱ्यानं घात केला." सुनेला तेच वाटत होतं, आणि तिच्या आवाजात अपराधीपणा होता, कारण यंदा ऑर्डरी वाढवायचा आग्रह तिचा होता. मी दोघींना बसवून आधी ते ओझं उतरवलं. चाळिशी ते साठीच्या बाईला, त्यातून मधुमेह असलेल्या, असा खांदा काहीही न करता आखडू शकतो. मधुमेहींमध्ये हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो. सोऱ्याने दुखणं वाढवलं असेल. मूळ त्यात नव्हतं.

तपासणी

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे आधीच काढून घेतला होता, दोन बाजूंनी. तो स्वच्छ होता. हे महत्त्वाचं आहे, कारण बाहेर न फिरणारा खांदा मागच्या बाजूला निखळलेलाही असू शकतो आणि ते नुसत्या नजरेने चुकतं.

कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवला तर उजवा ६५ अंश जायचा, डावा १२. मी दुसऱ्या हाताने नेला तरी १२ च. स्नायू कमजोर असता तर माझ्या हाताने तो पुढे गेला असता. इथे दोन्ही प्रकारे एकाच जागी, एकाच कडक थांब्यावर अडत होतं. पाठीमागे हात नेला तर अंगठा जेमतेम कुल्ल्याच्या बाजूला पोहोचायचा. बाजूने हात वर करायला सांगितला तर ८५ अंश.

त्या ८५ वर मी थांबले. काकूंचा डावा खांदा कानाकडे चढत होता आणि पाठीवरचं फऱ्याचं हाड हाताच्या बरोबरीने, किंबहुना हाताच्या आधी, बाहेर सरकत होतं. निरोगी माणसात हात १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश दंड आणि खांद्याच्या वाटीमधल्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फरा फिरल्यामुळे. दोनास एक हे प्रमाण इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडलं. ते प्रत्येक अंशाला काटेकोर लागू होत नाही, पण हिशेबाला पुरतं. मी फऱ्याची खालची कड तळहाताने धरून ठेवली आणि पुन्हा हात वर न्यायला सांगितला. ४५ अंशांवर थांबला. म्हणजे ८५ पैकी जवळजवळ निम्मी हालचाल फऱ्याने उसनी दिलेली होती.

बाहेर फिरणं सर्वांत कमी, मग बाजूने वर जाणं, मग आत फिरणं. हा क्रम फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे अशा आखडलेल्या खांद्याचा, ओळखीचा क्रम आहे. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, आकसून जाड होतं हे नेव्हिआसर यांनी १९४५ मध्ये दाखवलं. आजही निदान बहुतांशी हाताच्या तपासणीवरच होतं.

सांध्याच्या आत काय हलतं

पुढचे निर्णय समजायला थोडं आत डोकवावं लागेल. काकूंना मी हेच पोळपाट-लाटण्यावर दाखवलं होतं.

दंडाच्या हाडाचं डोकं म्हणजे एक गोळा. फऱ्यावरची वाटी उथळ आणि लहान. कोणत्याही क्षणी गोळ्याचा फार तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग तिच्यात टेकलेला असतो. हात वर जाताना गोळा वाटीवर गडगडतो. लाटणं पोळपाटावर नुसतं गडगडत सोडलं तर ते पुढे पळतं आणि कडेवरून पडतं. तेच लाटणं जागच्या जागी फिरवायचं असेल तर जितकं गडगडेल तितकंच उलट घसरवावं लागतं. खांद्यात नेमकं हेच चालतं: गोळा वर गडगडतो आणि त्याच वेळी खाली घसरतो.

घसरला नाही तर? मोठ्या माणसाच्या गोळ्याची त्रिज्या साधारण २.४ सेंटिमीटर धरा. परिघ झाला १५ सेंटिमीटर. हात फक्त २२ अंश वर केला तर गडगडणारा गोळा ०.९ सेंटिमीटर वर चढेल. आणि त्याच्या डोक्यावरच्या हाडाच्या छतापर्यंत जागा असते सुमारे १ सेंटिमीटर, तीही स्नायूच्या दोरीने भरलेली. म्हणजे घसरणं बंद पडलं की २२ अंशांत चिमटा बसणार. प्रत्यक्षात निरोगी खांद्यात गोळा किती कमी हलतो हे पॉपेन आणि वॉकर यांनी १९७६ मध्ये एक्स-रेवर मोजलं: सुरुवातीच्या टप्प्यात सुमारे ३ मिलिमीटर वर, त्यानंतर एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. इतका मोठा गोळा, इतकी छोटी वाटी, आणि हात पूर्ण वर जाईस्तोवर सरक तीन-चार मिलिमीटरच्या आत. मला अजूनही हे वाचताना थांबावंसं वाटतं.

यावरून आमच्या शिक्षणातला प्रसिद्ध नियम येतो. फ्रेडी काल्टेनबॉर्न या नॉर्वेच्या फिजिओथेरपिस्टनी तो उपचारांत रूढ केला. फुगीर पृष्ठभाग खोलगटावर हलत असेल तर तो हाडाच्या उलट दिशेला घसरतो. हात वर, गोळा खाली. हात बाहेर फिरला की गोळा मागे गडगडतो, म्हणून पुढे घसरतो. मग उपचारही त्याच दिशेने: बाहेर फिरणं हवं असेल तर गोळा पुढे ढकला.

हा नियम मला तोंडपाठ होता. अडचण तिथूनच सुरू झाली.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, वाट पाहणं. "दोन वर्षांत आपोआप सुटतं" हे काकूंना तीन जणांनी सांगितलं होतं. काहींचं सुटतं. पण बऱ्याच जणांत थोडा आखडलेपणा कायम राहतो, आणि मधुमेहींमध्ये तो हट्टी असतो. काकूंच्या हातावर घरचा निम्मा खर्च चालतो. दोन वर्षं हा पर्याय आम्ही कोणीच मांडू शकत नव्हतो.

दुसरा, भूल देऊन खांदा जोराने फिरवून सोडवणं. चौथ्या महिन्यात, दुखणं ऐन भरात असताना, दंडाचं हाड मोडण्याची जोखीम घेऊन ते करण्यात डॉक्टरांना अर्थ वाटला नाही. मलाही नाही.

तिसरा, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन. चौथा, हाताने सांधा सैल करणं आणि घरचा व्यायाम. डॉक्टरांचा सल्ला तिसरा आणि चौथा एकत्र असा होता. काकूंनी इंजेक्शनला स्वच्छ नकार दिला. साखर वाढेल ही भीती, आणि ती खोटी नव्हती.

पहिला निर्णय: आधी रात्र, मग हालचाल

पहिले दहा दिवस मी खांदा ताणलाच नाही. दुखणं दहापैकी आठ होतं आणि रात्री दोन-तीन वेळा जाग येत होती. अशा खांद्याला शेवटच्या टोकापर्यंत ढकललं की तो दुसऱ्या दिवशी जास्त आखडून येतो. म्हणून हलक्या, टोकापर्यंत न जाणाऱ्या हालचाली, कोपराखाली उशी देऊन पाठीवर झोपण्याची सवय, आणि वाकून हात लोंबता ठेवून हलवण्याचा साधा व्यायाम.

दहा दिवसांनी रात्र तशीच होती. तेव्हा मी पुन्हा इंजेक्शनचा विषय काढला, पण या वेळी सुनेला आणि त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना सोबत घेऊन. आधीच्या वेळी आम्ही "साखर थोडी वाढेल" एवढंच म्हटलं होतं. "थोडी" या शब्दानेच काकू बिचकल्या होत्या. आता ठरवून सांगितलं: काही दिवस वाढेल, घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळ-संध्याकाळ मोजायची, अमुक आकड्याच्या वर गेली तर डॉक्टरांना फोन. काकू म्हणाल्या, "असं आकडा धरून सांग ना गं आधी. पाकाची तार मी बघून ओळखते, साखर काय मोजता येत नाही होय मला?"

इंजेक्शन दिलं. उपाशीपोटीची साखर एरवी १४०-१५० असायची, ती तिसऱ्या दिवशी २३६ झाली आणि सहाव्या दिवशी जागेवर आली. चौथ्या रात्री काकू सलग पाच तास झोपल्या. दुखणं आठवरून चारवर. बाहेर फिरणं मात्र १४ अंश, म्हणजे तिथेच.

दुसरा निर्णय: भिंतीवरची बोटं थांबवली

शेजारच्या बेननी काकूंना एक व्यायाम शिकवला होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. काकू रोज भिंतीवर पेन्सिलने खूण करत. पहिली खूण हनुवटीपाशी, शेवटची कपाळाच्या वर. त्या खुणांचा त्यांना मोठा आधार होता.

मी त्यांच्या घरी जाऊन त्या करतात कसं ते पाहिलं. बोटं वर जात होती, खांदा कानाला टेकत होता, कंबर मागे वाकत होती. दंडाचा गोळा आपल्या वाटीत जवळजवळ काही करत नव्हता. फरा आणि कणा मिळून हात वर पोहोचवत होते. पेन्सिलची खूण खरी होती, पण ती चुकीच्या सांध्याची प्रगती दाखवत होती.

हे सांगणं सोपं नव्हतं. ज्या एका गोष्टीने त्यांना धीर दिला तीच काढून घ्यायची होती. मी सुनेचा हात त्यांच्या पाठीवर फऱ्यावर ठेवला आणि पुन्हा बोटं चढवायला सांगितलं. सून लगेच म्हणाली, "आई, हे हाडच पळतंय." मग काकूंना पटलं. भिंतीऐवजी पाठीवर झोपून व्यायाम सुरू केले. पलंग फऱ्याला बऱ्यापैकी धरून ठेवतो. पेन्सिल ठेवली, पण खुणा आता आम्ही कोपरापाशी, हात बाहेर किती फिरतो त्याच्या करायला लागलो.

तिसरा निर्णय, आणि त्यातली चूक

इंजेक्शननंतर दहा दिवसांनी खरा हाताचा उपचार सुरू झाला. आठवड्याला तीन बैठका. हात बाजूने वर जाण्यासाठी गोळा खाली सरकवणं आणि बाहेर फिरण्यासाठी गोळा पुढे सरकवणं. दुसऱ्यासाठी काकूंना पालथं झोपवायचं, हात पलंगाच्या कडेबाहेर, आणि मागून गोळ्यावर तळहात ठेवून पुढे दाब. नियमाला धरून, नीट, मोजून.

नऊ बैठका झाल्या. बाजूने वर जाणं, फरा धरून मोजलेलं, ४५ वरून ६२ झालं. बाहेर फिरणं १४ वरून १७. गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने, मोजताना पाच अंशांचा फरक हातचुकीचाही असतो, त्यामुळे १७ म्हणजे १४ च. शिवाय खांद्याच्या पुढच्या अंगाला एक नवीन हुळहुळ सुरू झाली होती, जी बैठकीनंतर रात्रीपर्यंत टिकायची.

मी तरीही का थांबले नाही, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. दोन कारणं सापडतात. एक, काकू झोपत होत्या, हसत होत्या, हात थोडा वर जात होता. एकूण चित्र चांगलं दिसत असलं की एक न हलणारा आकडा नजरेतून सुटतो. दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. नेमक्या याच प्रश्नावरचा एक अभ्यास मला माहीत होता. २००७ मध्ये अमेरिकेत फ्रोझन शोल्डरच्या वीस रुग्णांवर झालेला; छोटाच, पण निकाल लख्ख. सहा बैठकांच्या त्या उपचारात अर्ध्यांचा गोळा पुढे ढकलला, अर्ध्यांचा मागे. पुढे ढकललेल्यांचं बाहेर फिरणं सरासरी सुमारे ३ अंशांनी सुधारलं, मागे ढकललेल्यांचं सुमारे ३१ अंशांनी. हे मी वाचलं होतं, त्यावर सहकाऱ्यांशी बोललेही होते. तरी रुग्ण पलंगावर आल्यावर हात सवयीच्या दिशेला गेला. नियम शिकताना तो हातात बसतो. अभ्यास नंतर वाचलेला, तो डोक्यातच राहिला.

वळण

दहाव्या बैठकीला काकू आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तू ढकलतेस तिकडे तर तो जातोच आहे. अडतंय दुसरीकडेच." मी विचारलं, कुठे? त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या खांद्याच्या मागे नेली आणि काखेच्या वरची जागा दाबली. "पाठीत घट्ट शिवलेला ब्लाउज घातल्यावर ओढतं ना, तसं."

त्या दिवशी उपचार बाजूला ठेवला आणि पहिल्या दिवशी करायला हवी होती ती तपासणी केली. काकूंना उताणं झोपवलं. दोन्ही खांदे चाचपले: डाव्या बाजूचा गोळा वरच्या हाडाच्या कडेपासून उजव्यापेक्षा पुढे आलेला लागत होता. मग दोन्ही गोळे आळीपाळीने पुढे ढकलले. फारसा फरक नाही. डावा जरा कमी जात होता इतकंच. मग मागे ढकलले. उजवा मऊ, किंचित लवचीक. डावा भिंतीसारखा.

मी तीन आठवडे उघडं असलेलं दार ढकलत होते.

याचा अर्थ नियम खोटा असा मी घेत नाही. मोकळ्या सांध्यात गोळा आणि वाटी एकमेकांवर कसे सरकतात हे तो नियम सांगतो, आणि लाटण्याचा हिशेब तिथे बरोबरच आहे. पण आकसलेल्या कॅप्सूलमध्ये गोळ्याची जागा फक्त त्याच्या आकारावर ठरत नाही. ज्या बाजूचं कापड ताणलेलं, तिथून गोळा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. हॅरिमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मृतदेहांच्या खांद्यांवर हे दाखवलं: कॅप्सूलची मागची बाजू मुद्दाम घट्ट केली की हात पुढून वर नेताना गोळा लवकर आणि जास्त पुढे सरकतो. काकूंचं ब्लाउजचं वर्णन याच्याशी जुळत होतं. त्यांचा गोळा आधीच पुढे येऊन बसला होता, आणि मी त्याला आणखी पुढे ढकलत होते. पुढची हुळहुळ त्याचीच असावी असं माझं मत आहे.

लगेच दिशा बदलून बसले नाही. आधी तिथल्या तिथे पडताळून पाहिलं. बाहेर फिरणं मोजलं, १७. फऱ्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवला. हात जितका बाजूला जातो तितका नेला, जितका बाहेर फिरतो तितका फिरवला. मग गोळा आधी वाटीपासून थोडा दूर ओढून, मागे दाबून साधारण एक मिनिट धरला. असं पाच वेळा. पुन्हा मोजलं तर २६.

दाबाच्या दिशेबद्दल एक बारकावा सांगते, कारण शिकाऊ मुलं इथे चुकताना मी पाहते. वाटीचं तोंड सरळ बाहेर नसतं. ते सुमारे ३० अंश पुढे वळलेलं असतं. म्हणून दाब सरळ खाली पलंगात दिला तर गोळा वाटीच्या कडेवर रुततो आणि रुग्ण दुखलं म्हणून अंग चोरतो. दाब मागे आणि किंचित बाहेर हवा, वाटीच्या पातळीला समांतर. हाताला ते कळतं: चुकीच्या दिशेला कडक थांबा लागतो, बरोबर दिशेला चामड्यासारखा ताण.

पुढचे आठवडे

दोन दिवसांनी काकू आल्या तेव्हा २६ चे २२ झाले होते. मला ते पुरेसं होतं. चार अंश गेले, पाच राहिले. त्यानंतर आठवड्याला तीनच बैठका, पण दिशा मागची. घरी दोन गोष्टी. डावा हात छातीवरून आडवा नेऊन उजव्या हाताने कोपर ओढणं, फरा पलंगाला टेकवून. आणि बाहेर फिरण्यासाठी काठी.

काठी काकूंना आवडली नाही. त्यांच्या घरात दिवाणखान्यात झोपाळा आहे, जुन्या पितळी कड्यांचा. त्या स्वतःच म्हणाल्या की झोपाळ्यावर बसून कोपर कमरेला लावायचं, डाव्या हाताने कडी धरायची आणि अंग हळूहळू उजवीकडे वळवायचं. मी घरी जाऊन पाहिलं. हात जागेवर राहतो, अंग वळतं, म्हणजे खांदा बाहेर फिरतो. फरा कुठे उसनं देतो का ते सुनेला बघायला शिकवलं. पाय जमिनीवर घट्ट, झोपाळा स्थिर, एवढीच अट. रोज चहाच्या आधी पाच मिनिटं. कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा हे नियमाने झालं.

दिशा बदलल्यावर तीन आठवड्यांनी बाहेर फिरणं ४१ अंश. त्याच आठवड्यात एका सकाळी काकू स्वतः घातलेला अंबाडा घेऊन क्लिनिकमध्ये आल्या. थोडा कलता होता. आम्ही दोघीही काही वेळ बोललो नाही.

सात आठवड्यांनी ५२ अंश. बाजूने हात १३५ पर्यंत, आणि फरा धरून मोजलं तर ९०, म्हणजे दोनास एकच्या हिशेबाला बऱ्यापैकी जुळणारं. पाठीमागे अंगठा कमरेच्या वरच्या मणक्यापर्यंत. रात्रीचं दुखणं नाही. मागच्या हुकचा ब्लाउज अजून जमत नव्हता आणि उपचार थांबवले तेव्हाही जमला नाही. आत फिरणं सर्वांत शेवटी येतं हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी काकूंना ते लागलं. त्यांनी सगळे ब्लाउज पुढच्या हुकचे करून घेतले.

दिशेला किती श्रेय द्यायचं? इंजेक्शन झालेलं होतं, आणि काळही पुढे सरकत होता. काही खांदे या सुमाराला आपोआप सैल व्हायला लागतात. पण इंजेक्शनचा सर्वांत जोराचा काळ मी गोळा पुढच्या दिशेला ढकलण्यात घालवला होता आणि तेव्हा आकडा हलला नव्हता. आणि १७ चे २६ झाले ते एका तासाच्या आत. त्या तासात काळ काही फार पुढे गेला नव्हता.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्याच दिवशी, दुखणं परवानगी देईल तेवढ्या हलक्या हाताने, गोळा पुढे, मागे आणि खाली, तिन्ही दिशांना दोन्ही खांद्यांवर तपासला असता आणि लिहून ठेवलं असतं. त्याला पाच मिनिटं लागतात. मी अंश मोजले, दुखणं मोजलं, साखर विचारली, आणि ज्या गोष्टीवर उपचार अवलंबून होता ती नियमावरून गृहीत धरली.

प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर एकच आकडा मोजला असता. मी आठवड्यातून एकदा मोजत होते. बैठकीच्या आत फरक पडत नसेल तर तीन आठवडे तेच करत राहण्याला आधार नाही. दोन बैठकींतच ते कळलं असतं. आता माझ्या कागदावर त्यासाठी दोन रकाने आहेत.

इंजेक्शनबद्दल पहिल्याच भेटीत आकड्यांत बोलले असते. दहा रात्री वाचल्या असत्या.

भिंतीचा व्यायाम बंद केला ते बरोबर होतं असं मी आजही म्हणेन, पण घरी जाऊन पाहायला मी आठ दिवस लावले. तेवढे दिवस काकू रोज वीस मिनिटं फऱ्याला राबवत होत्या, आणि मानेचं जे दुखणं पुढे महिनाभर रेंगाळलं ते तिथून आलं असणार.

आणि रुग्णाला "कुठे अडतंय?" हे पहिल्या दिवशी विचारलं असतं. मी "कुठे दुखतंय?" विचारलं होतं. काकूंनी पुढच्या बाजूला बोट ठेवलं होतं. दुखत पुढे होतं, अडत मागे होतं.

त्यानंतर

सहा महिन्यांनी बाहेर फिरणं ५८ अंशांवर टिकून होतं. एचबीएवनसी ७.६. पुढच्या दिवाळीत काकूंनी ऑर्डरी निम्म्या केल्या. सोऱ्याचं भांडं धरायला ओट्याला एक पकड बसवून घेतली आणि सोऱ्या सून फिरवते.

श्रावणात त्या एकदा सहज म्हणून आल्या. निघताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "ताई, उजवा जरा धरतोय गं. फार नाही." मधुमेहींमध्ये दुसरा खांदाही धरू शकतो, म्हणून मी त्यांना चप्पल काढायला लावली. उजवा, जो कधीकाळी ६५ होता, ५० वर आला होता. उताणं झोपवून फऱ्याखाली टॉवेल ठेवला आणि गोळा आधी पुढे, मग मागे, मग खाली सरकवून पाहिला. या वेळी मागे मोकळं होतं आणि अडत होतं खाली. मी तसं लिहून घेतलं आणि खालच्या दिशेने सुरुवात केली.